बिनबोलावल्या पाहुण्यांचे पंचांग

लग्नकार्याचा मुहूर्त पाहण्यासाठी आपण पंचांग उघडतो, पेरणीसाठी नक्षत्रे मोजतो आणि सुट्ट्यांसाठी दिनदर्शिकेची पाने उलटतो. परंतु आपल्या घरी दरवर्षी न चुकता येणारे, आमंत्रणावाचून येणारे आणि हाकलल्यावाचून न जाणारे जे पाहुणे आहेत, त्यांचे पंचांग पाहण्याची तसदी मात्र आपण घेत नाही. मुंगी, माशी, डास, झुरळ, ढेकूण, वाळवी, कसर, धान्यातील भुंगा आणि उंदीर ही ती मंडळी होत. वार्षिकांकासारख्या ठिकाणी असला विषय घ्यावा याचे कोणास हसू येईल. पण या क्षुद्र वाटणाऱ्या जीवांनी माणसाचे धान्य, आरोग्य, ग्रंथ आणि प्रसंगी प्राणही हिरावून घेतले आहेत. म्हणून या विषयाकडे गंभीरपणे पाहणे मला अगत्याचे वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कीड ऋतूप्रमाणे येते हे खरे. पण ती घरात मुक्काम करते ती आपल्या सवयींमुळे. आपल्या वाडवडिलांनी ऋतूच्या एक पाऊल पुढे राहून घराची कामे आखली होती. आपण ती आखणी मोडली आणि तिच्या जागी विषाची बाटली आणून ठेवली. हा सौदा आपल्याला महागात पडत आहे.

माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडे डासाला जळार म्हणतात. येथे शेजारी कन्नडमध्ये त्याला सोळ्ळे म्हणतात, दखनी बोलणारे मच्छर म्हणतात आणि मराठीत तो डास असतो. बीदर आणि कलबुरगीच्या या सीमाभागात भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील एकाच गल्लीत या भाषा नांदतात. भाषा कोणतीही असो, त्याचा चावा सर्वांना सारखाच बसतो. त्याला राज्याची सीमा ठाऊक नाही, जात ठाऊक नाही की मातृभाषा ठाऊक नाही. म्हणूनच त्याच्याशी लढतानाही आपल्याला भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला वगळून चालणार नाही. या मुद्द्याकडे मी पुढे येणारच आहे.

माझा अभ्यास शास्त्राचा नव्हे, भाषेचा. पण भाषेनेही या जीवांची नोंद किती बारकाईने ठेवली आहे पाहा! एखादी गोष्ट उदंड झाली की आपण तिचे ‘पेव फुटले’ असे म्हणतो. आतून पोकळ होत चाललेल्या संस्थेला ‘वाळवी लागली’ असे म्हणतो. फार खटाटोप करून हाती क्षुल्लक फळ आले तर ‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ असे म्हणतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तर निव्वळ कल्पना नव्हे. विंचवीण आपली पिले खरोखरच पाठीवर घेऊन हिंडते. ज्यांनी हे शब्दप्रयोग घडवले त्यांनी कीटकशास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते; पण त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. ते डोळे आपण मिटून घेतले, अशी माझी तक्रार आहे.

आता वर्षाचा फेरा उन्हाळ्यापासून पाहू. चैत्र उजाडला की आपल्या पठारावर पारा चढू लागतो आणि वैशाखात कलबुरगीला तो चाळिशीच्या पुढे जातो. शेतशिवार उजाड होते, ओढे आटतात. मग मुंग्यांची रांग पाण्याच्या आणि गोडाच्या वासाने माठाच्या तिवईपर्यंत पोचते. या भागातील घरांना शहाबादची फरशी असते. तिच्या सांध्यांतला चुना झिजला की मुंग्यांना आणि झुरळांना आयते भुयार मिळते. ढेकणांचीही ऊब वाढल्याने भराभर वीण होते. आणि सुट्टीतल्या प्रवासात वळकटी, पेट्या, खाटा यांच्याबरोबर ते एका घरातून दुसऱ्या घरात सुखरूप पोचतात. ढेकूण हा घाणीपेक्षा फटींचा आणि प्रवासाचा सोबती आहे. म्हणून ज्याच्या घरी ढेकूण निघाला त्याची टवाळी करण्यात अर्थ नाही. खाटेच्या फटीत उकळते पाणी ओतून ती उन्हात टाकण्यात अर्थ आहे.

पण या कडक उन्हाचा आपल्या लोकांनी जो उपयोग करून घेतला तो पाहिला म्हणजे आदर वाटतो. कलबुरगी ही तुरीची भूमी. येथल्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या तुरीचा वैरी म्हणजे कडधान्यातील भुंगा. तो आपल्या घरात प्रथम येतो असे नाही. बहुधा शेतातच शेंगेवर अंडी घातली जातात आणि कीड पोत्यात बसून घरी येते. एक मादी साधारण शंभरापर्यंत अंडी दाण्यांवर चिकटवते आणि उबदार हवेत महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. विद्यार्थ्यांनी थोडे गणित करून पाहावे. एका जोडीपासून १००. त्यांतल्या ५० माद्यांपासून ५,०००. त्यांतल्या २,५०० माद्यांपासून २,५०,०००. सर्व जगतात असे नाही. परंतु चैत्रात पोत्यात पाच-सहा भुंगे दिसले तेव्हा ‘पुढे पाहू’ म्हणणाऱ्या घरात आषाढापर्यंत तुरीचे पीठ का होते, याचे उत्तर या गणितात आहे.

यावर जुना उपाय काय होता? धान्य तीन-चार दिवस कडक उन्हात पातळ पसरायचे. उष्णता ५० अंशांच्या पुढे गेली की बहुतेक किडी तग धरू शकत नाहीत, आणि दाण्यातला ओलावाही निघून जातो. दाणा दाताखाली कट्‌ असा वाजला म्हणजे वाळला, ही आजीची परीक्षा होती. ओलावा उतरलेल्या दाण्यात किडीची वाढ खुंटते, हे आजचे शास्त्रही सांगते. मग तुरीला तेलाचा हात किंवा तांबड्या मातीचा लेप, गव्हाला एरंडेलाचा हात, कणगीत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि कणगीला बाहेरून शेणमातीचे सारवण. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की भुंग्याची अंडी नीट चिकटत नाहीत व फुटत नाहीत. ज्वारीसाठी तर जमिनीत पेव खणत; कन्नडमध्ये त्यालाच हगेवु म्हणतात. पेवाचे तोंड लिंपून घेतले की आतला प्राणवायू धान्याच्या व किड्यांच्या श्वासोच्छ्वासात संपत जाई आणि कीड गुदमरून मरे. पेव उघडल्यावर आत एकदम उतरू नये, आधी दिवा सोडून तो विझतो की काय ते पाहावे, हा दंडकही त्यातूनच आला. आज हवाबंद पिशव्यांत धान्य साठवण्याची जी नवी पद्धत सांगितली जाते तिचे तत्त्व हेच आहे. कडुलिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर परदेशात घेतलेले एक एकाधिकारपत्र २००० साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने रद्द केले. कारण ही माहिती भारतात आधीपासूनच होती. जगाला जे ज्ञान मोलाचे वाटते ते आपल्याच माळ्यावर धूळ खात पडावे, ही खेदाची गोष्ट नव्हे काय?

मृग लागला की चित्र पालटते. पहिल्या सरीनंतर मखमली तांबडा मृगाचा किडा रानात दिसू लागतो. तो कोणाचेच वाईट करीत नाही. मुलांनी त्याला आगपेटीत कोंडू नये. त्याच सुमारास संध्याकाळी दिव्याभोवती पंखांच्या किड्यांचा धुरळा उठतो. ती बहुधा वाळवीचीच पिलावळ असते. पंख झडून गेले की त्यांतली जोडपी ओलसर मातीत नवे घर मांडतात. आमच्या किनाऱ्यावर वाळवीच्या वारुळांवर पावसात अळमी उगवते आणि ती लोक आवडीने खातात. येथल्या माळवदी घरांत मात्र वाळवी सागवानी तुळयाच खाऊन टाकते. म्हणजे एकच जीव रानात उपकारक आणि घरात अपकारक ठरतो. दोष त्याच्या जातीत नाही, जागेत आहे. रानात तो पडलेली लाकडे कुजवून मातीत मिसळतो. भिंतीला टेकून ठेवलेले सरपण आणि गळके छप्पर यांनी त्याला घरात वाट दाखवली जाते.

या पहिल्या पावसातच बिळात पाणी शिरते आणि विंचू, गोम, साप कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात. विंचू घरात येतो तो माणसाला नांगी मारण्यासाठी नव्हे. तो झुरळांच्या मागे येतो. साप येतो तो उंदराच्या मागे. ज्या घरात झुरळे व उंदीर नाहीत त्या घरात त्यांचे काम उरत नाही. विंचूदंशाने कोकणात एके काळी पुष्कळ मुले दगावत. मराठवाड्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात राहून प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यावर दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण फार खाली आणले; २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. म्हणून विंचू अगर साप चावला असता मंत्र, उतारा यांत घटका घालवू नये. तडक दवाखाना गाठावा.

पावसाळ्याचा खरा धनी मात्र डास. येथे एक गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात प्रथम पाहिले गेले ते लंडनमध्ये किंवा पॅरिसमध्ये नव्हे, तर बीदर आणि गुलबर्गा ज्या निजामी संस्थानात होते त्याच संस्थानातील सिकंदराबादेत. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी रोनाल्ड रॉस यांनी तो शोध लावला आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे डासाविरुद्धच्या लढाईतला पहिला मोठा विजय आपल्या शेजघरीच मिळाला. तरीही हत्तीरोगाने पीडित अशा कर्नाटकातील जिल्ह्यांच्या यादीत बीदर व कलबुरगी यांची नावे वर्षानुवर्षे राहिली. हत्तीरोगाचा डास वाढतो तो तुंबलेल्या गटारात. शोध शेजारी लागला, पण गटार आपल्या दारात तसेच राहिले!

डेंग्यूच्या डासाची रीत याहून निराळी. त्याला गटार नको. त्याला स्वच्छ, साठवलेले, उघडे पाणी हवे, आणि तो दिवसा चावतो. आपला प्रदेश पाण्याला दुर्मिळ. बहमनी काळात बीदरला जमिनीखालून पाणी खेळवण्यासाठी करेझ नावाचे भुयारी मार्ग खणले गेले, यावरून पाण्याची चिंता किती जुनी आहे ते कळते. आज नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण हौद, पिंपे, रांजण भरून ठेवतो; उन्हाळ्यात खिडकीला कूलर बसवतो आणि त्याच्या टाकीतले पाणी कित्येक दिवस बदलत नाही. शीतकपाटाच्या मागच्या थाळीत, अंगणातल्या टायरात, फुलदाणीत हेच घडते. पूर्वी उन्हाच्या कडाक्यात डबकी आटत आणि डासाचा वंश आपोआप क्षीण होई. आता वैशाखातही आपण त्याला घरपोच पाणी पुरवतो. पावसाळी डासाला बारमाही करणारे आपणच आहोत. त्याचे अंडे भांड्याच्या भिंतीला चिकटते आणि पाण्यावाचून काही महिने तग धरते; म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, आतली बाजू खसखसून घासावी लागते. अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी केली आणि भरल्यावर नीट झाकली, तर एकही डास आपल्या घरी जन्मास येणार नाही. ज्या हौदाचे पाणी टाकून देता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत.

पाऊस ओसरला की कपड्यांना कुबट वास येतो, पुस्तकांना कसर लागते, भिंतींना बुरशी धरते. नेमके याच वेळी आपल्याकडे ‘दसरा काढण्याची’ चाल आहे. घटस्थापनेपूर्वी घरातील अंथरुणे, पांघरुणे, भांडी, डबे, फळ्या सारे बाहेर काढून धुणे आणि उन्हात वाळवणे याला हे नाव आहे. मला हा शब्द फार आवडतो. या एका कामात ढेकूण, झुरळ, कसर आणि उंदराचे बीळ या चौघांचाही समाचार घेतला जातो. तो धर्माचा विधी म्हणा अथवा आरोग्याचा. काम दोहोंचेही साधते. होळीपूर्वी घरातला जुना कचरा बाहेर काढणे आणि पावसापूर्वी माळवदावरची माती सारखी करून गळती बुजवणे याही अशाच चाली. आपले सणवार हे पुष्कळ अंशी घराच्या डागडुजीचे वेळापत्रक होते. आपण सण ठेवले, त्यांतले पक्वान्न ठेवले आणि डागडुजी मात्र वगळली.

हिवाळ्यात बीदरला चांगलीच थंडी पडते. डास मंदावतात, माशा कमी होतात आणि आपण निर्धास्त होतो. परंतु हाच उंदराचा मोसम आहे. तुरीची व खरिपाची रास झाली, शेते मोकळी झाली की रानातला उंदीर गावाकडे वळतो, कारण धान्यही गावाकडेच आलेले असते. करंगळीएवढ्या फटीतून घरातला लहान उंदीर आत शिरू शकतो. तो खातो त्याहून अधिक नासतो, हे प्रत्येक गृहिणी जाणते.

उंदराच्या बाबतीत गाफील राहिल्याने काय होते याचे उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली, घरे पडली आणि लोक तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. पडक्या व सोडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले आणि त्यावर उंदरांची संख्या वाढली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव झाला आणि माणसांना प्लेगच्या गाठी आल्या. भूकंप, सांडलेले धान्य, उंदीर आणि प्लेग यांचा संबंध त्या वेळी तज्ज्ञांनी दाखवून दिला. पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेस जी प्लेगची साथ आली तिने सारा देश हादरला. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग आणि १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना आलेला मृत्यू आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. १८९८ साली पॉल लुई सिमों यांनी उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे दाखवले. इतके सारे ठाऊक असूनही मरून पडलेला उंदीर शेपटीला धरून शेजाऱ्याच्या उकिरड्यावर फेकणारी माणसे आजही आहेत!

आता विषाच्या बाटलीकडे वळू. डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्युलर यांनी शोधला. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली. त्यापूर्वी वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेले रुग्ण साठाच्या दशकात लाखाच्या आसपास आले. हा थोर विजय होता, हे कोणीही नाकारू नये. पण विजयाच्या भरात आपण गटार, डबके आणि झाकण विसरलो. विषाला सरावलेले डास उरले, ते वाढले आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. रेचल कार्सन या लेखिकेने १९६२ साली आपल्या ग्रंथातून अशा रसायनांविषयी जगाला सावध केले होते. विष हे युद्धातल्या अखेरच्या अस्त्रासारखे आहे. ते रोज उठून झाडू मारण्याची जागा घेऊ शकत नाही.

घरातली स्थिती तर याहून चिंताजनक आहे. धान्यात ठेवण्याच्या ज्या विषारी गोळ्या गोदामांसाठी आहेत, त्या घरातल्या पोत्यांत टाकल्या जातात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा प्राणघातक वायू निघतो आणि त्याच खोलीत मुले निजलेली असतात. हा वायू भिंतीला भीत नाही, फटीतून पलीकडच्या खोलीतही जातो. त्यावर उतारा नाही. प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीवाचून या गोळ्या वापरूच नयेत असा नियम आहे, तो उगाच नव्हे. उंदरासाठी आणलेली पिवळ्या स्फुरदाची मलमे मुलांच्या हाती लागली तर त्यांनाही उतारा नाही. झुरळांची औषधे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर अक्षम्य आहे. भुंग्याने शेर-दोन शेर तूर खाल्ली तर ती पुढच्या हंगामात भरून निघते; गेलेले मूल कोणत्या हंगामात परत येते?

यावर कोणी म्हणेल की, ‘जुने ते सोने’ हा तुमचा सूर आहे. तसे मुळीच नाही. जुन्यातही भेसळ पुष्कळ आहे. धान्यात पाऱ्याच्या टिकड्या ठेवण्याची चाल जुनी असली तरी पारा हे विष आहे. ती सोडलीच पाहिजे. डासांसाठी बंद खोलीत धूर कोंडणे फुप्फुसांना हानिकारक आहे. नुसत्या कडुलिंबाच्या पाल्याने आधीच किडलेले धान्य शुद्ध होत नाही. गव्हाणी घुबड घरावर बसले तर अशुभ मानून त्याला दगड मारतात; वस्तुतः ते रात्रीतून कितीतरी उंदीर फस्त करते. धामण दिसली की काठी उचलतात. ती बिनविषारी असून शेतकऱ्याची मोलकरीण आहे. घरातली पाल आणि कोळीही आपल्याच बाजूने लढतात. तेव्हा जुन्या चालींतील जे अनुभवाच्या कसोटीला उतरते ते ठेवावे, जे उतरत नाही ते निःशंकपणे टाकावे आणि नव्या शास्त्राने त्याला जोड द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ‘हे सगळे करायला वेळ कोणाला आहे?’ असे विचारले जाते. मी उलट विचारीन की, आजवर हा वेळ कोणाचा जात होता? धान्य वाळवणे, निवडणे, सारवणे, दसरा काढणे ही सारी कामे घरातल्या स्त्रियांच्या माथी होती. त्यांची कंबर मोडे आणि पुरुषमंडळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत. आज त्या शेतात, कचेरीत, शाळेत कामाला जातात. मग ही कामे मागे पडली यात नवल ते काय? जुनी आखणी मोडली ती आळसाने नव्हे, तर ती एकाच खांद्यावर उभी होती म्हणून. ती पुन्हा उभी करायची तर भार वाटून घेतला पाहिजे. शाळेतल्या मुलांनी, विशेषतः मुलग्यांनी, हे काम ‘बायकांचे’ असे म्हणून अंग काढून घेऊ नये. गाडगे महाराजांनी दिवसा हातात झाडू घेऊन गावे झाडली आणि रात्री कीर्तन केले. झाडू हाती धरल्याने त्यांची थोरवी उणावली नाही. बाराव्या शतकात ज्या कल्याण नगरीतून बसवेश्वरांनी ‘कायक’ म्हणजे श्रमाची प्रतिष्ठा सांगितली ते कल्याण आपल्याच जिल्ह्यात आहे. त्या भूमीतल्या मुलाला रांजण घासण्याची लाज वाटू नये.

आणि आता शेजाऱ्याची गोष्ट. माझे घर मी कितीही स्वच्छ ठेवले, पण पलीकडच्या गच्चीवर उघडी टाकी असेल तर तिथला डास माझ्याच मुलाला चावणार. उंदीर एका घराचे बीळ बुजवले की दुसऱ्या घरात जातो. म्हणून कोरडा दिवस एका घराने पाळून उपयोग नाही. तो गल्लीने पाळला पाहिजे. गटार साफ करणे ही नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, ती तिने पार पाडावी यासाठी आपण अर्ज करावा, पाठपुरावा करावा. परंतु त्याच गटारात कचऱ्याची पिशवी फेकून मग अर्ज लिहू नये.

माझी सूचना लहानशीच आहे. प्रत्येक वर्गाने आपल्या भिंतीवर या बिनबोलावल्या पाहुण्यांचे एक पंचांग लावावे आणि ते मराठी, कन्नड, दखनी अशा सर्व भाषांत लिहावे. चैत्र-वैशाखात धान्याला ऊन आणि कूलरला घासणी, ज्येष्ठात मृगापूर्वी गळती, सरपण आणि गटार, आषाढ ते भाद्रपद दर आठवड्याला कोरडा दिवस, आश्विनात दसरा, मार्गशीर्ष-पौषात उंदरांची बिळे, भिंतींच्या फटी आणि जमिनीपासून उंच केलेली पोती, माघ-फाल्गुनात पुस्तकांची कपाटे आणि फरशीचे सांधे. प्रत्येक काम पाहुणा येण्याच्या एक महिना आधी व्हावे, आणि कोणत्या घरी ते झाले याची नोंद मुलांनीच ठेवावी. एका वर्षात काय फरक पडतो ते मोजावे. मोजल्यावाचून माझेही म्हणणे खरे मानू नये.

कीटक पृथ्वीवर माणसाच्या कितीतरी आधी आले आणि बहुधा माणसानंतरही राहतील. त्यांचा निर्वंश करणे आपल्या हाती नाही आणि ते इष्टही नाही. आपल्या हाती एवढेच आहे की, रान त्यांचे असावे आणि घर आपले. ती सीमा आखण्यासाठी विषाची बाटली लागत नाही. झाडू, ऊन, झाकण आणि शेजाऱ्याशी दोन शब्द एवढे पुरते. येत्या मृगापूर्वी एखादा महिना हाताशी ठेवून हे काम सुरू करणारे विद्यार्थी आपल्या शाळेत निघतील, असा मला भरवसा आहे.